डब्याजवळ कोण बसणार?

धुळ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "सिनेमात परदेशातले जुने वाडे दाखवतात, भोवती मोठमोठ्या बागा असतात, माणसे दिवसभर हिंडतात नि संध्याकाळी घरी येतात. असे आपल्या खानदेशात कुठे काही आहे का? की आपल्या नशिबी नुसता उन्हाळा आणि केळीच? बरोबर सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात, हे लक्षात घेऊन सांगा."

आहे, बाई, आहे! अगदी तसेच नटलेले नाही, पण गोष्ट मात्र त्यांच्या वाड्यांपेक्षा मोठी आहे. मात्र कुठे जायचे हे सांगण्याआधी माझी एक फजिती सांगते, म्हणजे पुढचे सगळे नियोजन कशासाठी ते कळेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची माणसे जळगावहून बऱ्हाणपूरला गेलो होतो. नऊ माणसे आणि अकरा पिशव्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, दहीबुत्ती, दोन सतरंज्या, स्टील्याच्या ताटल्यासुद्धा! किल्ल्याच्या दारात गेल्यावर प्रश्न पडला, एवढे सामान सांभाळणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही मोठ्या मनाने म्हटले, "तुम्ही या बघून, मी बसते." मंडळी दीड तासाने आली ती भुकेली. मी वाढले, आवरले, खरकटे पुसले. तोवर निघायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी हौसेने विचारले, "हमामाचं छत पाहिलंत ना? कसलं सुरेख आहे!" मला उत्तर देता येईना. बऱ्हाणपुरात जाऊन मी पाहिला तो फक्त डबा.

आणि घरी कुलूप नको म्हणून सासूबाई मागे राहिल्या होत्या, त्यांनी तर तेवढेही पाहिले नव्हते. त्या मूळच्या साक्रीकडच्या. मनातले बोलायचे झाले की अजून अहिराणीवर येतात. कुठेही जायचे म्हटले की त्यांचे ठरलेले, "तुम्ही जा, घरले मी शे ना!"

मागच्या पौषात मी पुन्हा गेले, ते एक गोष्ट आधी ठरवून. डब्याजवळ कोणी बसायचे नाही, आणि घर राखायलाही कोणी थांबायचे नाही.

जायचे कुठे?

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण इतिहासात ती आपल्या खानदेशाची राजधानी. फारुकी राजांची पहिली गादी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला. त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. धुळ्याच्या भगिनींनो, म्हणजे या गोष्टीची सुरुवात तुमच्याच अंगणातली! पुढे पंधराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसवले आणि नदीच्या पलीकडे झैनाबाद. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला नि खानदेश मोगलांचा झाला. दख्खनच्या मोहिमांवर निघालेले शाहजादे, सरदार, त्यांचे जनाने सगळे इथे मुक्कामाला असत.

अलीकडच्या काठावर शाही किल्ला म्हणजे राहता वाडा, आणि पलीकडे झैनाबादेत आहुखाना. आहू म्हणजे हरीण. हरणे राखलेली मोठी बाग आणि त्यात विश्रांतीचे महाल. नदी ओलांडून हवा खायला जायचे ठिकाण. तुमच्या सिनेमातल्या बागेतला वाडा तो हाच!

आज तिथे हरणे नाहीत, गुलाब नाहीत. पडक्या भिंती, कमानी आणि भोवती मोकळी जमीन एवढेच आहे. "काय आहे तिथे बघायला?" असे म्हणणारे घरोघरी असतात. त्यांना सांगा, तिथे गोष्ट आहे. ती आधी वाचून जा, नाहीतर खरोखरच दगडविटा दिसतील.

कधी जायचे, कसे जायचे?

मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. होळीनंतर नाव काढू नका. आपल्याकडचे ऊन काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात आहुखान्याच्या आसपास गवत माजते, आणि गवतात काय असेल सांगता येत नाही.

जळगावहून भुसावळ, सावदा, रावेर असा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. आगगाडीनेही जाता येते. भुसावळपासून बऱ्हाणपूर रेल्वेने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. चार-पाच जणी असाल तर आगगाडी स्वस्त आणि मजेची. पण स्टेशन गावाबाहेर लालबागेत आहे, तेव्हा उतरल्यावर दिवसभरासाठी रिक्षा ठरवून घ्या आणि भाडे आधी बोला. बारा-पंधरा जणी असाल, बरोबर वयस्कर माणूस असेल, तर एक गाडीच ठरवलेली बरी. सामान गाडीत राहते आणि गुडघेदुखीचे माणूस जिथल्या तिथे उतरते.

धुळेकर भगिनींनी मात्र एका दिवसाचा हट्ट धरू नये. धुळे ते जळगावच पारोळा-एरंडोल मार्गे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आहे. आदल्या संध्याकाळी जळगावला नातेवाइकांकडे मुक्काम करावा. खानदेशात जळगावला ज्याचे कोणी नाही असे घर विरळाच!

पैशांचे म्हणाल तर आमची बारा जणींची भिशी आहे. भिशीबरोबर दर महिन्याला माणशी शंभर रुपये सहलीचे म्हणून वेगळे ठेवले. वर्षात चौदा हजार चारशे झाले. एकदम घरात मागायला गेले की "या महिन्यात नको" होते. शंभर-शंभरने ते कुणाला कळत नाही.

डब्याचे गणित

आता मुख्य मुद्दा. बारा जणींत मिळून दोनच पिशव्या, एक जेवणाची नि एक औषधपाण्याची. ज्याला ताट लागते, वाटी लागते, चमचा लागतो, असा पदार्थ न्यायचाच नाही. हातावर घेऊन खाता आले पाहिजे.

दशम्या न्या. कणीक पाण्याऐवजी कोमट दुधात भिजवायची, चवीला मीठ, दोन चमचे तेलाचे मोहन. मऊ राहतात नि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. माणशी तीन धरून छत्तीस दशम्यांना दोन किलो कणीक पुरते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी अर्धा किलो, मिरचीचा ठेचा एक डबी आणि माणशी दोन गूळ-शेंगदाण्याचे लाडू. बस्स!

थंडीचे दिवस म्हणून भरीत न्यायचा मोह होईल. आमच्यातल्या एकीला झालाच होता. गरम भरीत डब्यात कोंडले की दुपारपर्यंत आंबते, त्यात कांद्याची पात घातलेली असेल तर लवकरच. भरताची हौस शेतातल्या भरीत पार्टीला भागवा. फळे घरून नेऊ नका. सावदा-रावेरच्या रस्त्यावरून जाताना केळी घरून नेणे म्हणजे तापीला तांब्याने पाणी घालणे!

आणि दशम्या एकटीने करायच्या नाहीत. तिघींनी बारा-बारा वाटून घेतल्या, चौथीने चटणी, पाचवीने लाडू. आदल्या रात्री साडेनऊला मी चक्क झोपले होते.

औषधांच्या पिशवीत सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, मलम, साखर-मिठाची पुडी, गाडी लागणारीसाठी आवळासुपारी आणि एक घडीचे स्टूल. हे स्टूल विसरू नका. जिथे दम लागेल तिथे बसता आले की म्हातारे माणूस दुप्पट पाहते.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायका बोलत नाही आणि दिवसभर पाणी न पिता सोसतो. आहुखान्यात स्वच्छतागृहाची आशा धरू नका. आम्ही गावातल्या एका खानावळीला आधीच फोन करून विचारले, "बारा जणी येऊ, भात नि ताक तुमचे घेऊ, दशम्या आमच्या. चालेल का? आणि बायकांची सोय आहे का?" मालक हो म्हणाले. दुपारचे जेवण तिथेच ठेवले आणि जेवल्यावर मग नदीपलीकडे गेलो. सकाळी निघताना, किल्ल्याआधी, जेवणाच्या वेळी आणि परतताना, असे चार थांबे आधीच ठरवा. पाणी भरपूर प्या.

दिवस कसा आखायचा?

सकाळी साडेसहाला निघालो. सावद्याला चहा घेतला नि साडेनऊला शाही किल्ल्यात पोचलो. किल्ला फारुकींनी बांधला, पुढे मोगलांनी त्यात भर घातली. शाहजहानच्या काळातला हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर, आत आहे. ज्यांना चढउतार जमत नाही त्यांनी बागेत, झाडाखाली बसावे. पण आळीपाळीने, अर्ध्या तासाला एकजण बदलून. एकच बाई कायमची बसली की समजा, तुमचे नियोजन फसले!

सासूबाईंना हमामात दोघींनी धरून नेले. स्टूल टाकले. त्या मान वर करून किती तरी वेळ बसल्या. छतावरची फुलापानांची नक्षी, तिचे रंग अजून दिसतात. मग म्हणाल्या, "न्हाणीघराला एवढी रांगोळी!" आमच्या न्हाणीघराच्या छपराचे पत्रे गेल्या पावसाळ्यात गळत होते, ते आठवून दोघी हसलो.

या न्हाणीघराला पाणी कुठले, असे कोणीतरी विचारले. ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांनी त्याचे उत्तर कुंडी भंडाऱ्यात जाऊन पाहावे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, डोंगराकडचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणले. वर एका रांगेत शंभरावर कुंड्या आहेत, म्हणजे विहिरींची तोंडेच. बोगद्यातले पाणी नुसत्या उताराने वाहते. पंप नाही की मोट नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी बघण्यासारखे आहे. असीरगड मात्र या सहलीत घेऊ नका, चढ आहे. आणि महल गुलारा श्रावण-भाद्रपदासाठी राखून ठेवा. तो गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. उतावळी नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन मोगली महाल, मध्ये बांध, आणि पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे पाणी. तिथे मुलांचा हात सोडायचा नाही, एवढे लक्षात ठेवा.

दुपारी दोनला आम्ही तापी ओलांडून आहुखान्यात गेलो. तिथल्या दोन गोष्टी मी वाचून ठेवल्या होत्या. आधी हसरी सांगितली. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना या बागेत आला. बरोबर त्याच्या मावशीकडची मंडळी होती. त्यांतली एक, हिराबाई झैनाबादी, शाहजादा समोर आहे याची पर्वा न करता उडी मारून फांदीचा आंबा तोडती झाली, आणि शाहजादा तिथेच घायाळ झाला! अठराव्या शतकातल्या 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात ही हकिगत आहे. आमच्यातल्या एकीने लगेच शेजारच्या बोरीवर उडी मारून पाहिली. हाती बोर आले नाही, काटा आला.

मग दुसरी सांगितली. १६३० पासून शाहजहान बऱ्हाणपुरात होता. खानजहान लोदीचे बंड मोडायला आला होता. मुमताजमहल बरोबर होती, दिवस राहिलेली. तेच वर्ष दख्खन-गुजरातेतल्या भीषण दुष्काळाचे. बादशहाने गावात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायला सांगितले, असे त्या काळच्या लेखकांनी लिहिले आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज बाळंत झाली. मुलगी झाली, गौहरआरा. मुलगी जगली, आई गेली. वय अडतीस. लग्नाला एकोणीस वर्षे आणि बाळंतपण चौदावे. चौदांतली सात जगली. तिला पुरले ते इथे, या बागेत. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल त्यानंतरचा. जगभरातले लोक ताज बघायला जातात. पण ती ज्या मातीत पहिल्यांदा निजली ती माती आपल्या खानदेशातली आहे.

सगळ्या गप्प झाल्या. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या बोटांवर काही मोजत होत्या. मग म्हणाल्या, "मला नऊ. राहिली पाच." आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली, पण हा आकडा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. यजमानांनासुद्धा नीट माहीत नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तिच्याजवळ वैद्य-हकीम होते का गं?"

"होते की. बादशहाची राणी ती! हकीम होते, दाया होत्या, सगळे होते."

"तरी गेली."

"तरी गेली."

त्यांची थोरली जाऊ पहिल्याच बाळंतपणात गेली होती, पावसात, नाल्याला पूर असताना. घरात तेव्हापासून एकच बोलणे होते, सुईणीने घात केला. त्या सुईणीला पुढे कोणी उंबऱ्याशी उभे केले नाही. सासूबाईंनीही नाही. त्या आहुखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मग त्या म्हातारीला आम्ही उगीच बोल लावला म्हणायचा. राणीचं जिथं चाललं नाही तिथं तिचं काय चालणार होतं! ती तर रात्रभर तिचे पाय धरून बसलेली होती. मी पाहिलं होतं. पण मी काही बोलले नाही."

मी त्यांना काय सांगणार? आज आपल्या मुली-सुना दवाखान्यात बाळंत होतात, रक्त मिळते, किती मुले हवीत हे त्या बोलू शकतात. या गोष्टी आपल्याला हवापाण्यासारख्या वाटतात. त्या किती अलीकडच्या आहेत ते त्या पडक्या बागेत बसून कळते. कोणीतरी सासूबाईंच्या हातात लाडू ठेवला. त्यांनी अर्धा मोडून कमानीपाशी ठेवला, अर्धा खाल्ला.

तिथून चारला निघालो. गावात मावा जिलेबी घेतली. बऱ्हाणपूरची ही काळसर, खमंग जिलेबी गरमच खावी, नि घरच्यांसाठी दराबा घ्यावा, तो टिकतो. पाचला गाडीत बसलो, आठला घरी. यजमानांनी खिचडी केली होती. थोडी लागली होती, पण मी काही म्हटले नाही. तुम्हीही म्हणू नका, पुढच्या सहलीचा प्रश्न असतो!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, "काय, या वेळी तरी पाहिलंत का हमामाचं छत?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "बसा, मी सांगते." आणि त्यांनी सांगितले, कोणत्या कोपऱ्यात कोणते फूल, रंग कुठे उडाला आहे, कुठे टिकला आहे ते सगळे. मी नुसता चहा टाकला.

तेव्हा धुळ्याच्या ताई, सासूबाईंना घेऊन अवश्य जा. त्या आधी "घरले मी शे ना" म्हणतील. ऐकू नका. कुलूप दोनशे रुपयांना मिळते.

आठवणीची यादी: दोन पिशव्या, छत्तीस दशम्या, घडीचे स्टूल, रोजच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, तिकिटासाठी सुटे पैसे, खानावळीला आधी फोन, चार ठरलेले थांबे, वाचून नेलेली गोष्ट आणि घराला कुलूप.